उपरण्याखालचा सोलो

झोप लागली होती, तर सरळ "झोप लागली होती" म्हणून मोकळं व्हायचं. सासुरवाडीत जेवणानंतर डोळा लागला म्हणून आजवर कुठल्याही जावयाला कुणी तुरुंगात टाकलेलं नाही. पण ऐन वेळी मला शहाणपण सुचलं. पुढं जे काही घडलं त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे, असं आमच्या रुपालीचं म्हणणं आहे. (रुपाली म्हणजे माझी बायको. तिच्या म्हणण्याला आमच्या घरात पुरावा लागत नाही.)

तर झालं असं. दोन हजार दोन सालची गोष्ट. आम्ही शिरूरहून रुपालीच्या माहेरी, कवठे येमाईला गेलो होतो. सासूबाईंनी मटण केलं होतं आणि बाजरीच्या भाकरी. जावई "पुरे" म्हणाला की ताटात आणखी एक वाटी पडते, हा त्या घरातला नियम, त्यामुळं मी जेवून उठलो तेव्हा मला उठवायला मेव्हणाच लागला. मी ओसरीवरच्या बाजेवर आडवा झालो, आणि तेवढ्यात तोच मेव्हणा, पप्पू, टेपरेकॉर्डर घेऊन उशाशी येऊन बसला.

"दाजी, आयटम फायनल झाला. ऐका."

पप्पूची ओळख करून द्यायला हवी. रांजणगावच्या ज्या कारखान्यात मी टाइम ऑफिसात क्लार्क आहे, त्याच कारखान्यात पप्पू फिटर आहे. आठवडाभर तो नट आवळतो आणि रविवारी गिटार वाजवतो. दौंडला आयटीआय करताना त्यानं रेल्वे कॉलनीतल्या पोरांबरोबर एक बँड काढला. नाव 'लूपलाइन'. बँड प्रोग्रेसिव्ह रॉकचा. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे काय, हे मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. साध्या रॉकमध्ये गाणं पाच मिनिटांत संपतं. प्रोग्रेसिव्हमध्येही ते पाच मिनिटांत संपतं असं आपल्याला वाटतं, आपण टाळ्या वाजवतो, आणि मग कळतं की गाडी आत्ता कुठं यार्डातून बाहेर पडली आहे. माझे सासरे आबा हे तालुक्याचे पुरस्कारप्राप्त प्रगतिशील शेतकरी. त्यांना पप्पूनं अर्थ समजावला तेव्हा ते म्हणाले, "प्रोग्रेसिव्ह म्हंजी प्रगतिशीलच की. मग तुला शाल-नारळ कसा काय मिळाला न्हाई अजून?"

हा जो फायनल झालेला आयटम होता त्याचं नाव 'घाटाखाली'. पूर्वी आबांच्या घरची मेंढरं दिवाळी झाली की माळशेज घाट उतरून कोकणात जायची. आता मेंढरं गेली, विहीर आली, कांदा आला. पण पप्पूनं ती सगळी वाट गाण्यात घातली होती. पहिल्या भागात कळप निघतो, दुसऱ्यात नदी, तिसऱ्यात घाट. घाट म्हणजे पप्पूचा गिटार सोलो, एकट्याचा, चांगला अकरा मिनिटांचा.

मी नदीपर्यंत जागा होतो. (नदीच्या अलीकडच्या काठापर्यंत.) त्यानंतर जे ऐकू आलं ते टेपचं बटण वर आल्याचं 'खट्'.

"दाजी, कसं वाटलं?"

आता माझी अडचण समजून घ्या. टाइम ऑफिसात माझं कामच मुळी कोण वेळेवर आला, कोण मशीनमागं झोपला, हे बघण्याचं. मी स्वतः झोपलो होतो हे कामगारापुढं कबूल कसं करायचं? मी उठून बसलो, चेहरा जाणकारासारखा केला आणि म्हणालो, "छान आहे. पण गिटार जरा जास्त वाटली."

माझ्या मते हे अगदी सुरक्षित वाक्य होतं. कुठल्याही आमटीत मीठ आणि कुठल्याही भाषणात आभार जरा जास्तच असतात, असं म्हटलं की माणूस जागा होता असं सगळ्यांना वाटतं. पण पप्पूचा चेहरा पडला. तो टेपरेकॉर्डर उचलून गोठ्यात गेला आणि बराच वेळ म्हशीजवळ उभा राहिला.

मला काय माहीत, की मी नेमकं तेच वाक्य बोललो होतो, ज्यावरून त्या बँडमध्ये तीन वर्षं महाभारत चाललं होतं!

बँडमध्ये कीबोर्ड वाजवायची स्नेहल. दौंडच्या भिमाजींची मुलगी. भिमाजी रेल्वेत मालगाडीचे गार्ड. मुलगी पोरांबरोबर वाजवायला बसते म्हणून प्रत्येक सरावाला ते स्वतः हजर. सराव केडगावला, एका रिकाम्या कांद्याच्या चाळीत. (कांदा आला की बँड बंद.) गाडी स्टेशनाबाहेर सिग्नलला तीन तास उभी राहिली तरी ज्याच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नाही, अशा माणसाला प्रोग्रेसिव्ह रॉक आवडायला काहीच हरकत नव्हती. पप्पू आणि स्नेहलचं त्या चाळीतच जमलं. जातपात, गोत, देवक सगळं जुळत होतं, दोन्ही घरांना पसंत होतं. येत्या रविवारी दौंडला सुपारी फोडायची हेही ठरलेलं होतं. भांडण एकच: गिटारवाल्यानं वाजवायचं किती?

पप्पू मुळातच सरळ माणूस. त्यानं सोमवारी कारखान्याच्या गेटवरच्या कॉइनबॉक्सवरून स्नेहलला फोन करून प्रामाणिकपणे सांगितलं, की दाजींना पण गिटार जास्त वाटली. स्नेहल म्हणाली, "बघ! घरचा माणूस असून बोलला." आणि फोन ठेवला.

ही बातमी संध्याकाळपर्यंत रुपालीला पोचली. मी जेवायला बसलो. पहिला घास घेतला. भाजीत मीठच नव्हतं.

"अगं, मीठ..."

"घातलंच नाही. उगाच जरा जास्त वाटायला नको." तिनं माझ्याकडं रोखून बघितलं. "खरं सांगा, झोपला होतात ना?"

"छे! नदी किती छान वाहत होती."

"आणि घाट?"

मी पाणी प्यायलो. रुपाली उठली, म्हणाली, "माझ्या भावाचं लग्न मोडलं ना, तर याद राखा," आणि पुढचे चार दिवस आमच्या घरातलं सगळं जेवण आजाऱ्याच्या पथ्याचं झालं.

रविवारी आम्ही न्हावऱ्यावरून दौंडला गेलो. भिमाजींच्या रेल्वे क्वार्टरमध्ये सतरंजी अंथरलेली. एका बाजूला आम्ही, समोर ते, आणि मधे दगडोबा. दगडोबा दोन्हीकडचे लांबचे नातेवाईक आणि धंद्यानं मेंढरांचे व्यापारी. आठवडे बाजारात मेंढरं आणि उरलेल्या वेळात लग्नं, अशी त्यांची जमवाजमव चाले. मोठा फेटा, खांद्यावर उपरणं. बँडचा ड्रमवाला हौशीराम आणि बेस गिटारवाला पोरगा हेही कोपऱ्यात बसले होते. (त्या बेसवाल्याचं नाव मला तेव्हाही माहीत नव्हतं. बँडमधल्याही कुणाला नक्की सांगता आलं नाही.)

तारीख ठरली. मांडव कवठ्याला, मुलाच्या दारात, हेही ठरलं. लाडू की बुंदी यावरून जरा ताणलं गेलं, ते दगडोबांनी दोन्ही ठेवून मिटवलं. सुपारी पुढं आली. तेवढ्यात स्नेहल चहा घेऊन आली, कपबशा खाली ठेवल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "आबा, माझी एक अट आहे. घाटातला सोलो कापायचा. कापला तरच मी मांडवात उभी राहीन."

पुढं आलेली सुपारी तिथंच राहिली. बाहेर शंटिंगचं इंजिन तेवढं धापा टाकत होतं.

"पोरी, सोलो म्हंजी काय?" आबांनी विचारलं.

हौशीरामनं समजावलं, "आबा, म्हंजी बाकीच्यांनी गप बसायचं आन् एकट्यानंच वाजवत ऱ्हायाचं."

"हां, म्हंजी अध्यक्षीय भाषण."

"तसंच. पर हातानं."

"तीन वर्षं सांगते आहे," स्नेहल म्हणाली. "बँडमध्ये जो ऐकत नाही, तो लग्नानंतर काय ऐकणार?" यावर स्वयंपाकघरातून, जिथं दोन्हीकडच्या बायका बसल्या होत्या, संमतीचा एक मोठा हुंकार ऐकू आला. त्यात रुपालीचा आवाज मी ओळखला.

पप्पू तडकला. "घाट केवढा हाय! आबा, तुम्हीच सांगा, मेंढरं पटकिनी उतरत्यात का?"

आबांना आपल्याला कोणी काही विचारलं याचाच आनंद झाला. "माळशेज उतरायला आख्खा दिस जातो."

"बघा! मग गिटारीला तेवढा वेळ लागणारच."

"मग काय आख्खा दिवस वाजवणार?" स्नेहल म्हणाली. "गिटार म्हणजे कळपातलं कुत्रं. लांडगा दिसला तर भुंकावं. हे लांडगा नसतानाही भुंकतं, आणि तेही फास्ट."

"गिटार कुत्रं न्हाई! गिटार म्हंजी कळपाचा मेंढका. त्याच्या मागनं सगळी मेंढरं."

"माझ्या मतानं," भिमाजी पहिल्यांदाच बोलले, "गिटार म्हंजी गार्ड. सगळ्यात मागच्या डब्यात बसायचं. हिरवा बावटा दाखवायचा आन् गप ऱ्हायाचं. गार्डानं मधीच शिट्टी मारली तर ड्रायव्हर गडबडतो."

"आन् मग मेंढरं कोण?" आबांनी विचारलं.

याचा विचार कोणीच केला नव्हता. सगळ्यांनी इकडंतिकडं बघितलं. शेवटी सगळ्यांच्या नजरा त्या बेसवाल्या पोरावर गेल्या. त्यानं मान डोलावली. त्याला ते आधीपासूनच माहीत असावं.

दगडोबांनी तंबाखूची चिमूट गालात धरली. "वाद कशाला? आधी पोराच्या हातात कसब हाय का न्हाई ते बघू. जनावर चालवून बघितल्याबिगर सौदा व्हत न्हाई."

झालं. पप्पूनं गिटार काढली, छोटा स्पीकर प्लगला लावला आणि त्या क्वार्टरमध्ये घाट उतरायला सुरुवात केली. त्याची बोटं तारांवरून वरखाली पळत होती. मांडणीवरची पातेली किणकिणायला लागली. शेजारच्या क्वार्टरमधली म्हातारी गाडी घसरली असं समजून बाहेर आली. आबांच्या चेहऱ्यावर मात्र अभिमान मावत नव्हता. आयुष्यभर ज्या गिटारीला ते 'खोकं' म्हणाले, तिच्याकडं बोट दाखवून म्हणाले, "बघा, बघा! त्याच्या आज्याची बोटं लोकर कातरताना अशीच चालायची."

"चालतात हो आबा," स्नेहल म्हणाली. "थांबत नाहीत, तेच तर दुखणं आहे."

"पोरी, मुलाकडच्या माणसांसमोर आमच्या पोराचं वाजवणं कापायचं म्हंजी आमचं नाक कापायचं!" आबा गुडघ्यावर उठले. "सोलो कापणार न्हाई. वाढवा वाटलं तर!"

सोलोचा मानपान झाला. आता यात संगीत राहिलं नाही. मुलीकडच्यांनी "कापा", मुलाकडच्यांनी "कापणार नाही" असं सुरू केलं. ज्यांना गिटार आणि सतार यांतला फरक माहीत नव्हता तेही हिरिरीनं बोलू लागले. मी भिंतीला टेकून, जमलं तर भिंतीत शिरावं अशा बेतात होतो, तेवढ्यात स्नेहल म्हणाली, "तुमचे जावईच म्हणाले आहेत, गिटार जास्त आहे म्हणून!"

सगळ्यांनी माझ्याकडं वळून बघितलं.

"जावईबापू," आबा हळूच म्हणाले, "तुम्ही असं बोललात?"

"म्हणजे... त्या दिवशी हवा जरा... आणि मटणही जरा..." मी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. दारात रुपाली उभी होती. मी पुढचं वाक्य गिळलं.

पप्पूकडं बघवत नव्हतं. गिटार मांडीवर, मान खाली. त्याला स्नेहलही हवी होती आणि घाटही, आणि दोन्हीतलं एक त्या सतरंजीवरच राहणार होतं. मला त्या पोराची मनापासून दया आली. आणि माझ्या त्या जाणकार चेहऱ्याला चांगली चपराक मारावीशी वाटली.

तेव्हा दगडोबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि झटकलं. "असं बघा. चार माणसांत आकडा बोलला की ज्याचा कमी त्याची मान खाली. म्हणून बाजारात आमी उपरण्याखाली बोलतो. दोघांनी हात आत घालायचा, बोटं दाबायची. आकडा दोघांतच ऱ्हातो. ना ह्याची मान खाली, ना त्याची. आन् एकदा सौदा झाला की मागं फिरायचं न्हाई. सोलो किती टायम वाजवायचा ते तसंच ठरवू."

ही कल्पना सगळ्यांना इतकी आवडली की आबाही खाली बसले. स्नेहलनं थोडा विचार केला. "चालेल. पण अक्षतांच्या आधी, मांडवातच वाजवून दाखवायचं. दगडूमामांनी घड्याळ लावून उभं राहायचं. ते हात वर करतील तेव्हा थांबायचं. तिथं थांबला तर जन्मभर थांबेल."

"कबूल," पप्पू म्हणाला.

मुलीकडून स्वतः दगडोबा बसले. मुलाकडून कोण? "जावईबापू," आबा म्हणाले. "त्यांनीच लावलंय हे सगळं. शिवाय ते टायम हापिसात हायेत. मिनिटांचं त्यांच्याइतकं कुणाला कळतंय?"

मी दगडोबांच्या समोर सरकलो. उपरणं हातांवर पडलं. त्याला मेंढरांचा, तंबाखूचा आणि अनेक वर्षांच्या सौद्यांचा वास होता. आत दगडोबांचा हात होता, पाटीसारखा रुंद. त्यांनी माझी दोन बोटं धरली आणि दाबली.

दोन मिनिटं! मला पटकन समजलं, आणि समजलं याचा अभिमानही वाटला. पण अकराचं दोनवर आणलं तर पप्पू जन्मात माझं तोंड बघणार नाही. मी धीर करून त्यांची पाचही बोटं आवळली. दगडोबांच्या भुवया फेट्याखाली गेल्या. त्यांनी तीन बोटं दाबली. मी पाचच धरून ठेवली. (खरं तर माझी बोटं आखडली होती.) दगडोबांनी डोळे मिटले, हिशोब केला, आणि चार दाबली. चार मिनिटं. अकरापेक्षा कितीतरी कमी, दोनाच्या दुप्पट. दोघांचंही राहिलं. मी चार दाबली.

"झाला सौदा!" दगडोबांनी उपरणं झटकलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "शाणा माणूस! किती लौकर खाली आला!"

सुपारी फुटली. पेढे वाटले गेले. परत येताना गाडीवर मागं बसून रुपालीनं विचारलं, "किती ठरलं हो?"

"सांगायचं नसतं," मी म्हणालो. लग्नानंतर एवढ्या वर्षांत बायकोला न सांगता राहिलेली ही माझी एकमेव गोष्ट. त्या दिवशी भाजीत मीठ व्यवस्थित होतं. पप्पूही रोज गेटवर विचारायचा, आणि मी "समाधानकारक" असं सांगून त्याचं कार्ड पंच करायचो.

लग्नाच्या दिवशी कवठ्याला सगळा गाव लोटला. हातांत अक्षता घेऊन माणसं मांडवात बसली. आमच्याकडं अक्षतांच्या आधी पुढाऱ्यांचे सत्कार असतात, त्याची लोकांना सवय आहे, त्यामुळं स्टेजवर ड्रम, कीबोर्ड बघून कोणी दचकलं नाही. मुंडावळ्या बांधलेल्या पप्पूनं गळ्यात गिटार घातली. मुंडावळ्या बांधलेली स्नेहल कीबोर्डमागं बसली. आबा पुढच्या खुर्चीत, फेटा बांधून. दगडोबा स्टेजच्या कडेला मनगटाकडं बघत उभे.

कळप निघाला. नदी आली. (या वेळी मी जागा होतो. नदी खरंच छान आहे.) मग बाकीचे थांबले, स्नेहल उठून आपल्या पाटावर जाऊन बसली आणि पप्पू घाटाला भिडला.

माझ्या घड्याळात चार मिनिटं झाली. मी दगडोबांकडं बघितलं. हात खालीच. त्यांना मोजता येत नसेल म्हणून मी खाकरलो. काही नाही. मी जवळ गेलो.

"मामा, झाली की."

"काय झाली?"

"चार मिनिटं."

"चार?" दगडोबांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं गिऱ्हाईक मेंढीला शिंगं कशाला म्हणून विचारतं तेव्हा बघत असतील. "चाळीस! बारक्या जनावराला दहाचं बोट, मोठ्याला शंभराचं. सोलो मी बारकं जनावर धरलं."

मी त्यांच्या उपरण्याचं टोक धरलं. "मामा, थोडं कमी..."

"सौदा मोडायचा? आवो, तुमच्याकडनं आख्खा दिस सांगत व्हते! तिथनं चाळिसावर आणलं म्या. तुमच्यासारखा सरळ माणूस हाय म्हणून आणलं."

मी पप्पूला दोन्ही हातांनी खुणा करायला लागलो. त्याला वाटलं मी खूश होऊन नाचतोय. तो आणखी जोरात वाजवू लागला. अकरा मिनिटांत त्याचा घाट संपला. त्यानं दगडोबांकडं बघितलं. हात खालीच. पप्पूचा चेहरा आधी उजळला, कारण जन्मात त्याला कोणी इतका वेळ दिला नव्हता. त्यानं घाट पुन्हा पहिल्यापासून उतरला. मग खालून वर चढला. हात खालीच. आता त्याच्या कपाळावर घाम आला. त्यानं शाळेची प्रार्थना वाजवली. मागं येणाऱ्या ट्रकचा भोंगा वाजवला. मग कारखान्याची शिफ्ट सुटल्याची शिट्टी वाजवली, तेव्हा मांडवातली आमच्या कारखान्याची माणसं सवयीनं उठून डबे शोधायला लागली. आबा केव्हाच घोरत होते.

मागं एका म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला विचारलं, "कोन पुढारी हाय रं?"

"पुढारी न्हाई. गिटार हाय."

"मग बरं. लौकर आटपंल."

आणि मग पप्पूकडचं सगळं संपलं. बोटं सुजली होती, एका बोटातून रक्त येत होतं. त्यानं एकच सूर वाजवला आणि थांबला. तो सूर बराच वेळ मांडवात राहिला. आचाऱ्याच्या झाऱ्याचा आवाज ऐकू आला. पप्पूनं दुसरा सूर वाजवला आणि पुन्हा थांबला, आणि या वेळी त्यानं मागं वळून बघितलं.

स्नेहल पाटावरून उठली. शालू सावरत कीबोर्डपाशी गेली आणि त्या सुराच्या खाली हळूच आपले सूर ठेवले.

"हेच," ती म्हणाली. माइक चालू होता, सगळ्या मांडवानं ऐकलं. "तीन वर्षं हेच सांगत होते. मेंढका मधे मधे थांबून कळप येतोय का बघतो. तू कधी वळून बघितलंसच नाहीस."

"आता बघितलं की," पप्पू म्हणाला.

दोघं मिळून घाट उतरले. बेसवालाही कुणीही न सांगता मागून आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (कांद्याची चाळ जवळच होती, पण ते कारण नव्हतं.) लोकांनी टाळ्या वाजवल्या, भटजी माइककडं निघाले, माणसं अक्षता सावरून उभी राहिली.

"थांबा!" दगडोबांचा हात अजून खालीच होता. "पोराचा हात थांबला. सौद्यातली मिन्टं उरलीत."

"मामा, त्याचं बोट फुटलंय," स्नेहल म्हणाली. "माझी अट पुरी झाली. मी खूश आहे."

"तू खूश हायेस पोरी, पर माझा सौदा तुज्याशी न्हाई." दगडोबांनी माझ्याकडं बोट केलं. "उपरण्याखाली ज्यानं बोटं दिली त्यानं भरायचं. बाजारचा रिवाज हाय. माझा शब्द आजवर पडला न्हाई, ह्या वयात पडू द्यायचा न्हाई."

मी रुपालीकडं बघितलं. तिनं भटजींकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं आणि म्हणाली, "जा ना अहो! माझ्या भावाचं लग्न अडलंय!"

मी स्टेजवर गेलो. अंगात करड्या रंगाचा सफारी, डोक्यावर फेटा. पप्पूनं माझ्या गळ्यात गिटार अडकवली. हातात कधी टाळही धरला नव्हता. पण पप्पूला इतका वेळ बघितलं होतं, तेव्हा त्याच्यासारखे डोळे मिटले, ओठ चावला आणि तारांवर हात फिरवायला सुरुवात केली. काही ऐकू येईना. मला वाटलं, भीतीनं कान बंद झाले असतील, किंवा प्रोग्रेसिव्हमध्ये वाजवणाऱ्याला ऐकू येत नसेल. मी जोर वाढवला. कमरेत वाकलो. एकदा तर गिरकीही घेतली.

मधेच डोक्यावर काही तरी पडलं. डोळे उघडले तर अक्षता. मागच्या कुणीतरी कंटाळून पहिली मूठ टाकली होती आणि ती बघून सगळ्या मांडवानं टाकली. मी एकटा, गळ्यात गिटार, नखशिखांत तांदूळ. त्याच क्षणी दगडोबांनी हात वर केला. "फिटलं!" ते म्हणाले आणि त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. नवरा-नवरीसाठी मग घरातून पुन्हा तांदूळ आणावे लागले. लग्न लागलं.

त्याआधी मी स्टेजवरून उतरलो तेव्हा मांडववाला कानाशी येऊन म्हणाला, "सायेब, गिटारची वायर मघाच काढली व्हती. मंगलाष्टकाच्या माइकला लावली."

म्हणजे एवढा वेळ मी एकही सूर काढला नव्हता, आणि उठून उभ्या राहिलेल्या मांडवाच्या गोंगाटात ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. ही गोष्ट आपल्या दोघांतच ठेव, असं मी त्याला सांगितलं. कारण समोरून रुपाली येत होती, आणि किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल कौतुक होतं. गोंगाटानं आबा नुकतेच जागे झाले होते. ती त्यांच्याजवळ जाऊन म्हणाली, "आबा, बघितलंत का? शेवटी ह्यांनी एकट्यानं वाजवलं! कसं वाटलं?"

आबांनी फेटा सारखा केला. डोळे चोळले. मग चेहरा जाणकारासारखा केला. तो चेहरा मी कुठंही ओळखला असता.

"ब्येस झालं," आबा म्हणाले. "पर गिटार जरा जास्त वाटली."